कोपऱ्यातली ज्वारी

माझ्या मायला चोर ठरवलं त्या दिवशी मी बीडला वर्गात बसून चोरीची व्याख्या समजून घेत होते. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू, त्याच्या संमतीवाचून, बेइमानीच्या हेतूने हलवणं. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलत होते आणि बाकाखाली माझा फोन थरथरत होता. मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांचा ग्रुप. वर गुलाबाच्या फुलावर छापलेलं सकाळचं वचन, त्याखाली कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आणि त्याखाली सरांचा निरोप: मिशनच्या रानातली उभ्या ज्वारीची कणसं मोडून नेण्यात आली आहेत, संबंधित भगिनीने रविवारी उपासनेनंतर पंचांसमोर हजर राहावे. नाव लिहिलं नव्हतं. आमच्या मंडळीत नाव न लिहिण्याला प्रेम म्हणतात. निरोपाखाली भराभर जोडलेले हात उमटत गेले.

संबंधित भगिनी कोण ते सगळ्या वस्तीला माहीत होतं, म्हणून मलाही कळलं. तास संपल्यावर मी मायला फोन लावला.

"माय, मिशनच्या रानातली कणसं तू आणलीस?"

"आनली की. ओढ्याकडच्या कोपऱ्यातली."

"कुणाला विचारून?"

"इचारायचं कावून? सरांनी देवळात उभं राहून सांगितलं व्हतं की. तूच माझ्या बाजूला बसलेली व्हतीस."

खरंच बसले होते. तेव्हा तिथूनच सांगते.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूला आहे. याहून जास्त पत्ता देत नाही, कारण अशी मंडळी एकाच गावात असते असा समज व्हायला नको. गावाच्या कडेला आमची वस्ती, वस्तीच्या कडेला पत्र्याचं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), देवळामागे मिशनने कधीकाळी घेऊन ठेवलेली जमीन. जमीन मंडळीच्या मालकीची, ठोक्याने, वर्षाला ठरलेली रक्कम भरून, कसतात सर. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, पंचकमिटीचे सेक्रेटरी आणि वस्तीतल्या पहिल्या स्लॅबच्या घराचे मालक. आमच्यातलेच. त्यांची आजी आणि माझी पणजी एकाच बांधावर खुरपत होत्या. सरांना हे आठवत नाही असं नाही, पण उपासनेत साक्ष द्यायला उभे राहिले की देवाने त्यांच्यासाठी काय काय केलं याच्या यादीत ते कधी येत नाही.

माझा बाप धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायचा. बीडच्या बसस्टँडवर, गेवराईच्या बाजारात, जत्रेच्या वाटेवर. त्या बदल्यात मिशन त्याला काही द्यायचं नाही. त्याला ते काम आवडायचं. तो गेल्यावर उरलेल्या पत्रिका पत्र्याच्या पेटीत राहिल्या आणि मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. मामा जयंतीला आला की दुसऱ्या पत्रिका आणायचा, निळ्या शाईत छापलेल्या, हक्कांच्या. दोन्ही एकाच पेटीत पडायच्या. बापाच्या पत्रिकांपैकी एक मला अजून डोळ्यांपुढे दिसते. डाव्या पानावर काळे ढग, वीज आणि दगडाच्या दोन पाट्या: नियमशास्त्र. उजव्या पानावर उगवता सूर्य, हिरवं गवत आणि क्रूस: कृपा. डावीकडे कठोर न्याय, उजवीकडे दया. दुमडायची घडी बरोबर मधून गेलेली. कितीतरी वर्षं मला वाटायचं की देवाचं वय वाढत गेलं तसा तो मऊ होत गेला.

डावं पान कुणी वाचत नाही हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मी वाचलं, कारण कायदा शिकणाऱ्याला कुठलाही कायदा दिसला की वाचावासा वाटतो. इब्री, म्हणजे ज्यू लोकांच्या त्या जुन्या कायद्यात ढग आणि विजा आहेतच. पण त्यात हेही आहे की पीक काढताना शेताचे कोपरे काढायचे नाहीत, खाली पडलेलं पुन्हा वेचायला जायचं नाही, रानात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचं नाही. ते विधवेचं, पोरक्याचं आणि परक्याचं. आमच्या घरात त्यांतले दोन कायम हजर होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मालकाने ते काढून त्यांच्या हातात द्यायचं असं कुठेच नाही. त्याने फक्त सोडायचं. ज्याला गरज आहे तो येईल, स्वतःच्या हाताने घेईल आणि जाईल. आभार नाहीत, भाषण नाही, रांग नाही. मालकाने दिलदार असण्याचीसुद्धा गरज नाही. चिडका, कंजूष, कुणाचं तोंड न बघणारा मालक असला तरी कोपरा उभाच राहिला पाहिजे.

याला दया म्हणायचं की न्याय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला वाटतं त्या लोकांनाही ते वेगळं करायचं नव्हतं.

असो. ज्वारी हुरड्यात होती तेव्हाच्या एका रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, नेमका यावर संदेश दिला. पाळकसाहेब तरुण आहेत, बीडहून मोटारसायकलवर येतात, गोड गातात. ते कोपऱ्यांविषयी बोलले, मग त्यांचा आवाज भरून आला, मग त्यांनी विचारलं की आज या मंडळीत कोण आपला कोपरा सोडायला तयार आहे. बहुतेकांकडे कोपरा नव्हता आणि शेतही नव्हतं, म्हणून सगळे सरांकडे बघायला लागले. सर उभे राहिले. शाळेत झेंडावंदनाला उभे राहायचे तसेच.

"या वर्षीपासून," सर म्हणाले, "मिशनच्या रानाचा ओढ्याकडचा कोपरा मी गरिबांसाठी सोडत आहे. प्रभूच्या नावाने."

टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी फोटो काढला. माझ्या शेजारी माय पदराने डोळे पुसत होती. "बघ," ती मला म्हणाली, "मास्तर शिकल्यासारखं वागला."

मग ज्वारी पिकली. सरांच्या माणसांनी रस्त्याकडून उपटायला सुरुवात केली. मायने वाट बघितली. काढणी निम्म्यावर आल्यावर एका रविवारी, उपासना झाल्यावर, भरदुपारी ती कोपऱ्यात गेली आणि हाताने कणसं मोडली. ताटं तशीच उभी ठेवली, कारण आमच्याकडे कडबा खायला जनावर नाही. पोत्यात भरून, डोक्यावर घेऊन, सरांच्या घरापुढूनच घरी आली. अंगणात बडवली, उफणली, गिरणीवर दळून आणली. गिरणीवाल्या वाण्याने विचारलं, "मावशी, नवी ज्वारी कुठली?" तर तिने तेही सांगितलं. चोरी इतकी उघड्यावर कुणी करत असेल तर आमचा अभ्यासक्रम बदलावा लागेल.

सरांचा बेत वेगळा होता. कोपरा तेच काढणार होते, मळणी यंत्रातून काढून, चाळून, पांढऱ्या पिशव्यांत भरून हंगामाच्या सणाला विधवांना वाटणार होते. फलक छापून आला होता. त्यावर वर धान्याच्या राशीचं चित्र, खाली 'विधवा भगिनींना धान्यवाटप' आणि डाव्या बाजूला गोलात सर. फोटो वरच्या कार्यालयाला जाणार होता. मायने जाऊन तो कार्यक्रमच पोत्यात घालून आणला.

रविवारी मी सकाळच्या एसटीने गावी पोहोचले. उपासनेनंतर बाया आपली पोरं घेऊन दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. पंच समोर सतरंजीवर बसले. तिघेच: सर, सरांचे साडू, आणि तिसरे एक आजोबा, ज्यांना ऐकू कमी येतं म्हणून त्यांच्यावर कुणाचा आक्षेप नसतो. पाळकसाहेब बाजूला खुर्चीवर.

सर मऊ बोलले. ते रागावले की मऊ बोलतात. शाळेत छडीच्या आधी असंच बोलायचे.

"बाई, कोपरा गरिबांसाठीच होता. मी नाही म्हणतच नाही. पण तो देणारा मी होतो."

"दिलाच व्हता की तुमी," माय म्हणाली.

"दिला म्हणजे, जाहीर केला होता. वाटप व्हायचं होतं."

"जाहीर केलेलं निराळं आन दिलेलं निराळं व्हय?"

दारातली एक बाई हसली. सरांनी चष्मा काढून पुसला. "शास्त्र सांगतं," ते म्हणाले, "शेजाऱ्याच्या उभ्या पिकाला हात लावला तर चालतं, पण विळा लावायचा नाही."

"इळा न्हवताच. हातानं मोडली. ताटं उभी हायेत, जाऊन बघा."

साडू पुढे सरकले. "आन ते रविवारी कावून? रविवार शब्बाथाचा दिवस. सोमवारी न्हाई जमलं तुला?"

इथे मला हसू आवरलं नाही. प्रभूचे शिष्य एकदा असेच शेतातून जाताना भुकेपोटी कणसं मोडून हातावर चोळून खात होते. धर्मरक्षक मंडळी तिथेही हजर होती. त्यांनी आरोप केला तो विश्रामाचा दिवस मोडल्याचा. चोरीचा नाही. इतके खवचट लोक, प्रत्येक पावलावर चूक शोधणारे, पण भुकेल्याने परक्याच्या शेतातलं कणीस हाताने मोडलं याला चोरी म्हणावं असं त्यांच्याही मनात आलं नाही, कारण तो हक्क त्यांच्या कायद्यातच होता. आमचे पंच एक पायरी पुढे गेले होते. त्यांनी दोन्ही आरोप ठेवले.

मी हे उभी राहून सांगितलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे सर, पीक काढायला लागलं की तो कोपरा तुमचा राहतच नाही. जे तुमचं नाही ते तिने तुमच्याकडून चोरलं कसं?"

सर हसले. "पोरी, ते नियमशास्त्र. आपण आता नियमाखाली नाही, कृपेखाली आहोत."

"मग मघाशी विळा कुठून काढलात?"

"वकील होण्याआधीच उलटतपासणी," सर इतरांकडे बघून म्हणाले, आणि पंच हसले. ज्यांना ऐकू येत नाही तेही हसले.

एवढ्यात निकाल ठरला. पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी आशीर्वादाची पोळी वाटून खायच्या विधीच्या आधी मायने मंडळीसमोर उभं राहून माफी मागायची. मंडळी तिला मोठ्या मनाने क्षमा करील. क्षमा झाली की सणाला पहिली पिशवीसुद्धा तिलाच मिळेल. तोपर्यंत तिला प्रभुभोजनाला बंदी. पाळकसाहेब म्हणाले की यात शिक्षेचा भाव नाही, हा प्रेमाचा मार्ग आहे. मायने विचारलं, "मी चोरी केली, असं ठरलं का मग?" पाळकसाहेब म्हणाले, ते आपण ठरवत बसायला नको.

ज्यांच्याविषयी असं म्हटलं जातं त्यांना माहीत असतं की ठरवत बसायला नको म्हणजे ठरलं.

मी संतापले होते, अजून आहे. कारण ही युक्ती मी त्या दिवशी पहिल्यांदा जवळून बघितली. विधवेच्या हक्काचा प्रश्न आला की नियमशास्त्र संपलेलं असतं, त्याच्यावर ढग आणि विजा असतात. विधवेच्या गुन्ह्याचा प्रश्न आला की तेच नियमशास्त्र ताजंतवानं उठतं, विळ्यासकट. आणि मध्ये कृपा नावाची वस्तू, जी सरांच्या खिशात असते. 'डोळ्याला डोळा' म्हणून त्या जुन्या कायद्याला हसणारे लोक मी फार बघितले. त्या कायद्याने निदान मोजमाप घातलं होतं: एका डोळ्याच्या बदल्यात एकच, दोन नाहीत, सगळं घर नाही. आमच्याकडे पोतंभर कणसांच्या बदल्यात माणसाची इज्जत घेतात आणि त्याला प्रेमाचा मार्ग म्हणतात. शुभवर्तमान सांगणाऱ्याने स्वतः कधी न्याय सोडून दया घ्या असं म्हटलेलं मला सापडलं नाही. त्याने पुदिन्याच्या पाल्याचा दशांश देवाला मोजून देणाऱ्यांना झाडलं ते याच कारणासाठी, की ते न्याय आणि दया दोन्ही विसरले होते. दोन्ही. पत्रिका छापणाऱ्याने मधून घडी घातली, त्यात त्याचा काय दोष.

दुसऱ्या दिवशी एसटीची वाट बघत मी हॉटेलात चहा पीत होते. सरही आले. मिशनच्या रानाला लागून ज्यांचं शेत आहे ते आबा बाकावर बसले होते. आबा गावातले जुने जमीनदार, आमच्या मंडळीशी त्यांचा संबंध बांधापुरता. फार भला माणूस आहे असं मी म्हणणार नाही. मजुरीला बाया उशिरा आल्या तर सगळ्या रानाला ऐकू जाईल असं बोलतात. पण हरभरा निघाला की त्यांच्या रानात सरवा, म्हणजे काढणीनंतर मागे पडून राहिलेलं धान्य, वेचायला बाया शिरतात आणि आबा दुसरीकडे तोंड करून बिडी पेटवतात.

"काय बे मास्तर," आबा म्हणाले, "सरव्यावरून कोर्ट भरवलंस म्हनं तुमच्या देवळात."

"सरवा नव्हता आबा. उभं पीक होतं."

"कोपऱ्याचं ना? तो तू सोडलता म्हनं."

"सोडला होता, पण आमच्या पद्धतीने वाटायचा होता."

आबांनी बिडी झटकली. "माज्या रानात बाया येतात, तुडवतात, शिव्या खातात, घेऊन जातात. माफी मागायला अजून एकीलाबी लावलं न्हाई म्या. तुमचा देव लई कडक हाय का बे?"

सरांनी चहा अर्धा ठेवला. आमच्या धर्मात नवीन येणाऱ्यांसाठी बापाने जन्मभर पत्रिका वाटल्या. आबांना कुणी त्या दिवशी पत्रिका दिली असती तर त्यांनी तिच्यात तंबाखू बांधली असती, आणि मी त्यांना दोष दिला नसता.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाळकसाहेब आमच्या घरी आले. मी गावीच होते. मायने चहा केला. त्यांनी प्रार्थना केली, बराच वेळ. मग म्हणाले, "आई, न्याय देवावर सोपवा. उद्या दोन शब्द बोलून टाका, सगळं मिटेल."

"चुकी दावा, मंग मागते माफी."

"कृपेत चूक-बरोबर बघत नाहीत, आई."

"मंग मला चोर कावून म्हनले?"

"चोर कुणीच म्हटलं नाही."

"मंग माफी कशाची?"

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता ते काहीतरी खरं बोलतील. त्यांचा चेहरा वाईट नाही. पण ते उठले, चपला घालताना वळून म्हणाले, "आणि आई, उद्याची पोळी तेवढी नेहमीसारखी करून आणा."

आमच्याकडे प्रभुभोजनाची पोळी वर्षानुवर्षं मायच करते. गव्हाची, बिनमिठाची, तुटायला सोपी. बंदी घातली होती ती खाण्यावर. करण्यावर घालायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं; किंवा आलं असेल आणि दुसरी कोण करील या विचाराने मागे गेलं असेल. मी दार लोटलं आणि म्हणाले, "तू काही करणार नाहीस."

"कावून न्हाई करनार?"

"तुला टेबलावरून उठवलं आणि टेबल तूच वाढायचं?"

"तू तुझं वकीलपन बीडला कर," माय म्हणाली आणि चुलीपुढे बसली. मी रागाने बाहेर जाऊन बसले. पीठ कुठलं घेतलं ते मी बघितलं नाही.

सकाळी देऊळ भरलं होतं. सगळ्यांना माफी बघायची होती. मायने पांढऱ्या फडक्यात बांधलेलं ताट टेबलावर ठेवलं आणि येऊन दाराजवळ बसली, जिथे बंदीवाले बसतात. गाणी झाली. पाळकसाहेबांनी माफीसाठी जागा सोडली. म्हणजे डोळे मिटून, "ज्या कुणाला आज मन मोकळं करायचं असेल," असं म्हणून थांबले. कुणीतरी खोकलं. माय हलली नाही. पाळकसाहेबांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले, आणि पुढे जाणं भाग म्हणून पुढे गेले. त्यांनी ताटावर हात धरले, उपकार मानले, आशीर्वाद मागितला. मग फडकं काढलं.

भाकरी होती. ज्वारीची, पांढरीफेक, कडेला किंचित करपलेली.

"आई," पाळकसाहेब हळू म्हणाले, "ही कुठल्या ज्वारीची?"

"तुमाला ठाव हाय की, साहेब."

सर उभे राहिले. "चोरीच्या मालाचं प्रभुभोजन होणार नाही."

"आता कसं न्हाई व्हनार?" बायांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली. "आशीर्वाद लागलाय की तिला."

साडू म्हणाले, "आशीर्वाद चुकून लागलाय. आधी ठाव न्हवतं. दुकानातून बिस्कीटचा पुडा आना."

"आन हिचं काय करायचं? आशीर्वादाची भाकर टाकायची व्हय?"

"टाकायची कावून? बाजूला ठेवायची."

"कुनी खायची मंग ती?"

मग जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. आपण नियमाखाली नाही असं सांगणारी सगळी मंडळी शुद्ध-अशुद्धाच्या वादात गळ्यापर्यंत बुडाली. चोरीच्या धान्यावर आशीर्वाद चढतो की घसरतो. आशीर्वाद आधी की चोरी आधी. भाकरी आणि पोळी यांत देवाला फरक आहे का. ज्यांना ऐकू येत नाही त्या आजोबांनी मध्येच मोठ्याने आमेन म्हटलं. पुढची साधी गोष्ट कुणीच बोललं नाही: ही भाकरी मोडली तर ही बाई चोर नाही, आणि ही बाई चोर असेल तर आत्ता देवाला काय दाखवून आशीर्वाद मागितला ते सांगा. मायने वाद घातला नव्हता. तिने भाकरी करून ठेवली होती.

पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं. त्यांची दुसरी उपासना चकलांब्याच्या बाजूला होती आणि ऊन चढत होतं. त्यांनी भाकरी उचलली आणि मोडली. न्याय झाला असं मी म्हणणार नाही. उशीर झाला होता.

ताट फिरलं. लोकांनी तुकडे घेतले. काहींनी सरांकडे बघून, काहींनी न बघता. म्हातारीने मुद्दाम मोठा घेतला. सरांपुढे ताट आलं तेव्हा त्यांनी तुकडा उचलला, कारण न उचलणं सगळ्यांना दिसलं असतं. मग तो तोंडात न घालता शर्टाच्या खिशात ठेवला, पेनाशेजारी. शेवटी साडू ताट घेऊन दारापर्यंत आले आणि मायपुढे अडले. ताट पुढे करावं की मागे घ्यावं हे त्यांना ठरवता येईना.

"माजी बंदी उठली का?" मायने विचारलं.

साडूंनी पाळकसाहेबांकडे बघितलं. पाळकसाहेबांनी सरांकडे. सर गाण्याच्या पुस्तकात पान शोधत होते.

"घ्या आई," पाळकसाहेब म्हणाले, "कृपेने घ्या."

"किरपेनं नको, साहेब. चोरी केली न्हाई म्हना, मंग घेते."

देवळात पत्रा तडकल्याचा आवाज ऐकू येत होता, उन्हाने तडकतो तसा. मी वाट बघत होते. एक वाक्य होतं. त्यात ढग नाहीत, विजा नाहीत, कुणाचं काही जात नाही. कुणीच ते बोललं नाही. मायने ताट साडूंच्या हातातून घेतलं आणि शेजारच्या बाईला दिलं. "घे," ती म्हणाली, "मऊ हाय."

ही मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बंदी अजून आहे, किंवा नाही. कुणी उठवली नाही आणि कुणी तिचं नावही काढत नाही. सणाला पिशव्या वाटल्या, फलकावर सर होते, मायला निरोप आला तेव्हा ती घरी नव्हती म्हणे. ती तेव्हा घराच्या ओट्यावरच बसली होती. दर महिन्याला पाळकसाहेब निरोप पाठवतात, आई, पोळी. दर महिन्याला माय भाकरी करते, त्या कोपऱ्याच्या ज्वारीचा डबा तिने वेगळा ठेवलाय. पाळकसाहेब आता विचारत नाहीत, फडकं काढतात आणि मोडतात. सगळी मंडळी ती खाते. जिने केली ती खात नाही. एखाद्या मंडळीला इतकं सोयीचं पाप मिळालं असेल असं मला वाटत नाही. मी त्यावर एक पत्रिका लिहिली होती, दोन पानी, मधून घडी घालण्याजोगी. मायला वाचून दाखवली. ती म्हणाली, "लई शिव्या हायेत. तुज्या बापाच्या पत्रिकेत नसायच्या." मी त्या काढल्या नाहीत.

परवा गावी गेले तेव्हा मिशनच्या रानात पेरणी झाली होती. सरांनी या वर्षी देवळात काही जाहीर केलेलं नाही, आणि पाभर अगदी ओढ्याच्या काठापर्यंत नेली आहे, कोपऱ्यात सुद्धा. बांधावरून जाताना माय थांबली आणि कोंब बघायला लागली.

"आता काय करशील?" मी विचारलं. "यंदा सरांनी शब्द दिलेला नाही."

"तो शब्द सरांचा व्हता व्हय?" माय म्हणाली. "त्यांनी नुसता मोठ्यानं म्हनला. पिकू तर दे."